ज्वा ओकसुनचा शिक्का

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांबट खोली आहे, पत्र्याच्या छपराची. कोपऱ्यात रॉकेलची शेगडी, तिच्यावर जवाच्या चहाची किटली, भिंतीवर मागच्या वर्षीच्या मोर्च्यातलं अर्धं फाटलेलं फडकं. खिडकीची एक काच कधीच फुटली आहे, तिथे पुठ्ठा लावलाय, आणि जेजू बेटाचा वारा त्या पुठ्ठ्यावर सारखा थापा मारतोय. साल १९८५, ऑक्टोबर महिना. टेबलाच्या एका टोकाला विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष बू क्योंगते उभा आहे, कारण बसून बोलणं त्याला जमतच नाही. दुसऱ्या टोकाला, दारातून येणाऱ्या वाऱ्याच्या झोतात, जिथे कुणालाच बसायचं नसतं तिथे, मान खाली घालून एक जाडजूड मुलगी लिहिते आहे. ती परिषदेची चिटणीस, ज्वा ओकसुन. सगळे क्योंगतेकडे बघतात. तुम्ही तिच्याकडे बघा.

क्योंगते कॉलेजच्या उत्सवातलं नाटक समजावून सांगत होता. "सातशे वर्षांपूर्वी मोंगोलांनी आपल्या बेटावर घोडे सोडले आणि राखायला आपले घोडेवाले ठेवले. शंभर वर्षं ते इथे मालकासारखे बसले. मग आपलं सैन्य गलबतांतून आलं आणि त्यांना किनाऱ्यापर्यंत हाकलत नेऊन कापून काढलं. हे आपण उघड्या मैदानात करायचं. आजही परक्या फौजा छातीवर बसल्यात आणि सरकारातले त्यांना सलाम ठोकतात. बघणाऱ्याला वेगळं सांगायला नको."

टेबलावर मुठी आपटल्या गेल्या. पोरं खूश झाली. त्या लष्करी राजवटीत उघड बोलण्याची सोय नव्हती, त्यामुळे सहाशे वर्षांपूर्वीचे लोक फार कामाला यायचे.

ओकसुननं पेन खाली ठेवलं. "अध्यक्ष, मला बोलायचंय."

"चहा संपला का?" कुणीतरी विचारलं. खसखस पिकली.

"त्या घोडेवाल्यांनी इथल्याच बायकांशी लग्नं केली होती," ओकसुन म्हणाली. "सैन्य आलं तोवर त्यांची नातवंडं आपल्यासारखंच बोलत होती. मग कापलं कुणाला?"

"मोंगोलांना," क्योंगते म्हणाला.

"माझं आडनाव ज्वा आहे. आमच्या वंशावळीतला पहिला पुरुष घोड्यांवर देखरेख करायला तिकडून आलेला. तुमच्या नाटकात तो कितव्या प्रवेशात मरतो?"

"पहिल्याच," शेगडीजवळचा एक जण म्हणाला. "वासावरून सापडतो."

या वेळी हसू जास्त मोठं होतं. तिचा बाप तेउरी होता, म्हणजे गावाची घोडी-गुरं डोंगरउतारावर राखणारा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शहरातल्या पोरांच्या तोंडी 'तेउरी' हा शब्द शिवीसारखाच यायचा.

ओकसुन हसणं थांबेपर्यंत थांबली. "क्योंगतेदादा, तुझ्या मामाकडे काळी घोडी आहे. तिला तो काय म्हणतो?"

"गारा."

"आणि काळ्या-पांढऱ्या कबऱ्या घोडीला?"

"वोल्ला. त्याचं काय?"

"हे शब्द त्यांचेच. तुझा मामा रोज सकाळी त्यांचीच भाषा बोलून घोडीला दाणा घालतो. त्यालाही घे नाटकात, मरायला."

"मामाचं नाव काढू नकोस," क्योंगते म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "हात वर करा. नाटकाच्या बाजूने कोण?"

सगळे हात वर गेले, तिचा सोडून. क्योंगतेनं तिच्याकडे न बघता म्हटलं, "एकमताने मंजूर. लिही."

ओकसुननं लिहिलं: बहुमताने मंजूर. विरोध ज्वा ओकसुन हिचा. आणि खाली विरोधाचं कारण.

ती चिटणीस कशी झाली ते सांगायला हवं. तिला कुणी डोक्यावर घेऊन निवडून आणलं नव्हतं. इतिवृत्त लिहिणं, म्हणजे सभेत कोण काय बोललं आणि काय ठरलं ते वहीत उतरवणं, हे काम कुणालाच नको असायचं. शिवाय डोंगराकडच्या गावांतल्या पोरांची मतं क्योंगतेला हवी होती, तेव्हा त्या बाजूची एक मुलगी उभी केलेली बरी दिसेल असं ठरलं. ती सभेच्या आधी येऊन शेगडी पेटवील आणि नंतर कप धुवील, एवढीच अपेक्षा. शेगडी तिनं पेटवली, कपही धुतले. पण लिहायला बसली की तिचा सूर बदलायचा. आधीचे चिटणीस दोन ओळींत सभा गुंडाळायचे. ही प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं बोलणं लिहायची. कोण उशिरा आला, कोण मधेच उठून गेला, सगळं. आणि सभा संपली की नियमाप्रमाणे ते मोठ्यानं वाचून दाखवायची, सपाट आवाजात, संध्याकाळी तिचा बाप उतारावर उभा राहून एकेक जनावर रंगावरून आणि खुणेवरून पुकारायचा तसं. पोरं जांभया द्यायची.

शेवटी ती नावाचा छोटा दगडी शिक्का काढायची, लाल शाईत बुडवायची आणि सहीपुढे उमटवायची. मग दोन पानं जिथे मिळतात त्या घडीवर आणखी एकदा, अर्धा शिक्का या पानावर, अर्धा त्या पानावर. कागदपत्रांची ही जुनीच पद्धत. मधलं पान काढलं तर अर्धा शिक्का उघडा पडतो. आधीच्यांनी हे कष्ट कधी घेतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी क्योंगते वही घेऊन तिच्या वर्गाबाहेर उभा होता.

"हे काय लिहिलंस?"

"झालं ते."

"ही वही विद्यार्थी विभागाच्या ऑफिसात जाते. तिथला माणूस निमित्तच शोधतोय. 'तुमच्यातच एकमत नाही' म्हणेल आणि मैदानाची परवानगी नाकारेल. तुला कळतंय का?"

"कळतंय."

"मग नवीन पान लिही. एकमताने. शिक्का मार. तुझा विरोध आम्ही ऐकला, संपलं."

"ऐकला नाही. हसलात."

"बरं, हसलो. माफी मागतो. आता लिही."

"माफी मागितलीस तर तीही लिहिते. पण 'हो' म्हटलं नव्हतं ते 'हो' म्हटलं असं नाही लिहिणार."

क्योंगतेनं वही तिच्या छातीवर आदळली. "मोंगोलांची अवलाद," तो दात ओठ खात म्हणाला आणि तरातरा निघून गेला.

क्योंगते वाईट मुलगा नव्हता. त्याचा थोरला भाऊ राजधानीत, सोलला, शिकत असताना पोलिसांनी उचलला होता. परत आला तो असा, की दार वाजलं तरी कपाटामागे जाऊन उभा राहायचा आणि आईनं नाव घेऊन हाक मारल्याशिवाय बाहेर यायचा नाही. क्योंगते ते नाटक त्या भावासाठी करत होता. मैदानात शेकडो लोकांसमोर तलवार उपसून एकदा तरी ओरडायचं होतं त्याला. एका हट्टी मुलीच्या एका ओळीवर ते अडावं, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

रविवारी ओकसुन गावी गेली. बाप, ज्वा दोंगमान, दगडी कुंपणाच्या आत होता. अंगावर कच्च्या फळांच्या रसात बुडवून तांबूस केलेला जुना सदरा, तोंडात विझलेली विडी. शेजारच्या गावातला एक जण नुकतीच विकत घेतलेली घोडी घेऊन आला होता. घोडीच्या मांडीवर तापल्या लोखंडानं दिलेला आधीच्या मालकाचा डाग होता. या नव्या मालकाला आपला डाग त्या जुन्यावरच मारून हवा होता, जुना दिसेनासा होईल असा.

"शेजारी मारतो," दोंगमान म्हणाला.

"दोन डाग कशाला? ती आता माझी आहे."

"तुझी आहेच. आधी त्याची होती. शेजारी मारू का घोडी घेऊन जातोस?"

"म्हाताऱ्या, पैसे मी देतोय."

"मग तुझ्या पैशांनी तुझ्या बायकोला डाग दे. हा लोखंडी तुकडा माझा आहे."

तो माणूस शिव्या घालत घोडी ओढत गेला. ओकसुननं बापाला शहरातली सगळी हकीकत सांगितली. तिला वाटलं होतं, तो म्हणेल शाब्बास. दोंगमाननं विडी थुंकली.

"लिही ना ते म्हणतात तसं."

"बाबा, आत्ता तुम्हीच—"

"माझं वेगळं. मी तुला शहरात पाठवली ती अंगाचा घोड्याचा वास जावा म्हणून. तू तिथे जाऊन सगळ्यांना हुंगायला लावतेस. कोण कापला, कोण मेला, तुला काय त्याचं? पदवी घे, टंकलेखन शीक, बँकेत लाग."

"आपलं नाव काढून हसले ते."

"हसू दे. मला पन्नास वर्षं हसतायत. मी मेलो का?"

जेवताना दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. बाजरीच्या मऊ वड्या तिच्या आवडीच्या, पण तिनं एक उचलली आणि तशीच परत ठेवली. निघताना बापानं तिच्या पिशवीत वाळवलेल्या मासळीची जुडी कोंबली आणि म्हणाला, "तोंड बंद ठेव."

शहरात परतली तर खोलीत तिचं अंथरूण दाराशी गुंडाळून ठेवलेलं. तिच्याबरोबर राहणारी यांग मिरे, परिषदेची खजिनदार, पाठ फिरवून केस विंचरत होती.

"मिरे, हे काय?"

"मला तुझ्याशेजारी झोप येत नाही."

"वास येतो म्हणून?"

मिरेनं फणी ठेवली. "ओकसुन, सगळे म्हणतात तू ऑफिसची माणूस आहेस. तुला त्यांनीच पुढे केलंय. मी 'नाही' म्हटलं तर मलाही म्हणतील."

"मग तू 'नाही' म्हणालीस का?"

मिरेनं पुन्हा फणी उचलली. ओकसुननं अंथरूण स्वयंपाकघरात नेलं.

आता दुसरा प्रवेश. तीच खोली, तीच शेगडी, पण आज ती कुणी पेटवली नव्हती, त्यामुळे सगळे कोट घालून बसले होते. विषय एकच: नाटकाला विरोध केला म्हणून चिटणिसाला काढणं. नियमाप्रमाणे काढायचं तर सभा हवी, सभेचं इतिवृत्त हवं, आणि ते चिटणिसानंच लिहायला हवं. ही गोष्ट ओकसुननं पेनाचं टोपण काढून वही उघडली तेव्हा लोकांच्या लक्षात आली. एक दोघं चुळबुळले.

"दुसऱ्या कुणाला लिहू द्या," मिरे म्हणाली.

"ठराव होईपर्यंत चिटणीस मी आहे," ओकसुन म्हणाली. "बोला."

बोलले ते असे बोलले, की त्यांच्या आया ऐकत असत्या तर त्यांनी कानांवर हात ठेवले असते. कुणी म्हणालं, ही डोंगरातून उतरली तेव्हाच तिला परत हाकलायला हवी होती. कुणी म्हणालं, जिच्या पूर्वजांनी परक्यांचे घोडे राखले ती आज परक्यांची वही राखते. मागच्या सभेत वासावरून बोललेला तो शेगडीजवळचा, ओ चांगबोम, म्हणाला, "हिच्या घराण्याला सैन्यानं चुकून सोडलं, ते काम आपण पुरं करतोय." त्याच्यावर टाळ्या पडल्या. ओकसुनचं पेन चालतच होतं. एकदाच ती थांबली आणि म्हणाली, "चांगबोम, 'पुरं करतोय' म्हणालास की 'करूया'?"

"करतोय. लिही नीट."

हात वर झाले. मिरेचा सगळ्यांत शेवटी, पण झाला. क्योंगते म्हणाला, "ठराव मंजूर. वाचायची गरज नाही."

"नियम आहे," ओकसुन म्हणाली आणि उभी राहिली.

तिनं वाचलं. तोच सपाट आवाज, कुठे जोर नाही, कुठे थरथर नाही. अमुक तमुक म्हणाला, हिला तेव्हाच हाकलायला हवी होती. अमुक तमुक म्हणाला, परक्यांची वही राखते. प्रत्येक नाव आलं की तो माणूस खुर्चीत हलायचा. ओ चांगबोम म्हणाला, हिच्या घराण्याला सैन्यानं चुकून सोडलं, ते काम आपण पुरं करतोय, टाळ्या. चांगबोम मधेच म्हणाला, "मी गंमतीनं म्हटलं होतं."

"गंमतीनं, असं लिहू?"

चांगबोमनं खिडकीवरच्या पुठ्ठ्याकडे बघितलं. "राहू दे."

शेवटी आलं: अध्यक्ष म्हणाले, वाचायची गरज नाही. मग तिनं शिक्का शाईत बुडवला, सहीपुढे मारला, घडीवर मारला. सगळं पान खरं होतं, त्यामुळे शिक्का मारायला तिची काही हरकत नव्हती.

क्योंगतेनं वही ओढून घेतली, एकवार नजर फिरवली आणि त्याचा चेहरा उतरला. तिला काढण्याचं कारण या पानावर होतं, आणि कारण म्हणजे तिचा विरोध. नाटकावर एकमत नव्हतं, हे परिषदेनंच आता सभा भरवून, नावानिशी लिहून दिलं होतं. त्यानं ते पान फाडायला चिमटीत धरलं. घडीवरचा अर्धा लाल शिक्का पलीकडच्या पानावर तसाच राहणार होता, आणि आधीच्या पानाचा याच्यावर, आणि त्याच्या आधीचा त्याच्यावर.

"तू आम्हाला बांधून घातलंस," तो म्हणाला.

"ठराव तुम्ही आणला."

"तुला नाटक बंदच पाडायचंय ना? सरळ सांग."

"नाटक करा," ओकसुन म्हणाली. "कापा, समुद्रात ढकला, काय हवं ते करा. त्यात माझा हात नव्हता, एवढंच राहू दे."

तिनं शिक्का कोटाच्या खिशात टाकला आणि बाहेर पडली. तिच्या मागे कुणीतरी कप भिंतीवर फेकला.

ऑफिसनं वही चाळली आणि क्योंगतेनं सांगितलं होतं तेच झालं. परवानगी नाकारली गेली, कारण लिहिलं होतं 'परिषदेत मतभेद'. उत्सवाच्या दिवशी मैदानात दोरीखेच झाली, गाणी झाली, आणि पुठ्ठ्याची चिलखतं घातलेली पोरं पायऱ्यांवर बसून संत्री सोलत राहिली. क्योंगतेचा भाऊ आला होता. त्याला घरी घेऊन जावं लागलं.

पुढचं दीड वर्ष ओकसुनशी कुणी बोललं नाही. ती खाणावळीत बसली की ते टेबल रिकामं व्हायचं. एकदा पिशवीत वर्तमानपत्रात बांधलेली घोड्याची लीद निघाली. तिनं पुडी उघडून बघितली, बांधली आणि बागेच्या माळ्याला नेऊन दिली. तिला दुःख होत नव्हतं असं कुणी समजू नये. मिरेला तेव्हाच ठाऊक होतं, की त्या काळात ती आंघोळीला जाताना नळ पूर्ण सोडून ठेवायची, म्हणजे आतला आवाज बाहेर जायचा नाही. मिरेनं ते कितीतरी वर्षांनी सांगितलं आणि सांगताना रडली, पण तेव्हा ती दारापर्यंत गेली नव्हती.

ओकसुन बँकेत लागली नाही. गावी परतली. गावाच्या सामाईक कुरणाची संस्था होती, तिचा हिशेब आणि जनावरांच्या खुणांची नोंद ठेवणारा माणूस म्हातारा झाला होता, ते काम तिनं घेतलं. बाप वर्षभर तिच्याशी धड बोलला नाही. नंतर बोलायला लागला, तो घोड्यांविषयीच. तो गेल्यावर जनावरंही तिनंच राखली. गोल्फवाले आले, हॉटेलवाले आले, कुरण भाड्यानं मागायला. गावातले निम्मे लोक देऊ म्हणायचे. तिथल्या सभांतही ती प्रत्येकाचं नाव आणि बोलणं लिहायची, आणि तिथेही ती कुणाला फारशी आवडली नाही. संस्थेचे मुख्याधिकारी बदलले, ती तिथेच राहिली. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "कोण येतोय हुंगायला?"

राज्य बदललं, दिवस बदलले, त्या काळच्या पोरांना आता मान मिळू लागला. कॉलेजच्या जुन्या मंडळींनी ते बंद पडलेलं नाटक पुन्हा उभं करायचं ठरवलं. यंदा कॉलेजचं ऑफिसच पैसे देणार होतं. क्योंगते शाळामास्तर होऊन निवृत्त झाला होता, केस पांढरे, गुडघे दुखरे. तो एका सकाळी गाडी घेऊन कुरणावर आला. ओकसुन दगडी कुंपणाशी उभी राहून एका शिंगराच्या खुरातला खडा काढत होती.

"ज्वा."

"गुडघा धरून चालतोस. बस त्या दगडावर."

तो बसला. त्यानं एक छापील पुस्तिका काढली. नाटकाची माहिती, जुने फोटो. "यात आपली सगळ्यांची नावं आहेत. तुझंही. वाच."

तिनं चष्मा लावला. १९८५ च्या विद्यार्थी परिषदेनं हे नाटक करण्याचा ठराव एकमताने मंजूर केला होता, पण तेव्हाच्या राजवटीनं ते होऊ दिलं नाही, असं लिहिलं होतं. खाली नावं, तिचं शेवटून दुसरं.

"ही फक्त कच्ची प्रत आहे," क्योंगते म्हणाला. "सगळ्यांच्या सह्या घेतोय. मिरेनं केली. चांगबोमनं केली. माझा भाऊ गेला मागच्या वर्षी, तुला माहीत असेल. त्याच्या नावानं करतोय हे. तू सही कर, मागचं सगळं मिटेल."

"वाईट वाटलं भावाचं," ओकसुन म्हणाली. "खरंच."

"मग कर."

"एकमताने नव्हतं."

"ओकसुन." तो तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारत होता. "ते ऑफिसवाले गेले. ते पोलीस गेले. आता कोण बघणार आहे? आपण म्हातारे झालो. कुणाशी भांडतेस?"

तिनं पुस्तिका त्याच्या मांडीवर ठेवली आणि शिंगराचा दुसरा पाय उचलला.

"अजून तेच?" क्योंगते उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता, तरुणपणी व्हायचा तसाच. "तुझ्या एका ओळीनं माझ्या भावाचं नाटक मेलं. आणि तू अजून त्याच ओळीवर?"

"हो. सही नाही करत. आणि जाताना फाटकाच्या आडव्या दांड्या परत लावून जा, घोडे बाहेर पडतात."